कंपनी तीच, देश दुसरा: नाशिकहून परदेशी बदलीवर जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर आणि अंबडमध्ये बॉश, एबीबी, सीमेन्स, एपिरॉक अशा परदेशी मुळाच्या कंपन्या आहेत, त्यामुळे ‘कंपनीतर्फे बाहेर गेला’ हे वाक्य नाशिकच्या घरांना नवं राहिलेलं नाही. मी अंबडमधल्या एका कारखान्याच्या एचआरमध्ये अशा बदल्यांचं काम बघते. कॅन्टीनमध्ये, फोनवर आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आमच्याकडून बहुतेक जण जर्मनीला जातात, म्हणून उदाहरणं तिथली जास्त आहेत.

कंपनी तीच आहे, मग नवी नोकरी धरल्यासारखी एवढी चौकशी कशाला?

कारण लोगो तोच राहिला तरी कागदावरचा मालक बदलू शकतो. नाशिकची प्रायव्हेट लिमिटेड ही एक कंपनी आणि जर्मनीतली जीएमबीएच ही कायद्याने दुसरी कंपनी. बदली दोन प्रकारची असते. पहिली असाइनमेंट, म्हणजे प्रतिनियुक्ती: नोकरी इथलीच राहते, दोन-तीन वर्षांसाठी तुम्हाला तिकडे पाठवतात. दुसरी कायमची बदली: इथे राजीनामा देऊन तिथल्या कंपनीच्या करारावर सही करायची. पीएफ, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम, व्हिसा, इन्कम टॅक्स आणि परतीची वाट, हे सगळं यातलं कोणतं पत्र हातात पडतं त्यावर ठरतं.

म्हणून पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी विचारा. माझा एम्प्लॉयर कोण असेल? पगार कुठून होईल? इथली नोकरी चालू राहील की राजीनामा द्यावा लागेल? उत्तरं तोंडी मिळाली तर त्याच संध्याकाळी ती मेलवर लिहून पाठवा आणि ‘बरोबर आहे ना?’ असं विचारून घ्या. यात कुणाला राग येण्यासारखं काही नाही.

दोन्हींपैकी कोणती घ्यावी?

आई-वडील नाशिकला असतील, मुलं लहान असतील आणि मनात परत यायचं असेल, तर माझं मत असाइनमेंटच्या बाजूने आहे. तिकडेच स्थायिक व्हायचा विचार पक्का असेल तर कायमची बदली बरी. सगळ्यात अवघड अवस्था म्हणजे मन परत यायचं आणि पत्र राजीनाम्याचं. तसंच असेल तर नाशिकमधली जुनी सर्व्हिस धरली जाईल का, हे आधीच लिहून मागा. मोठ्या कंपन्या मागितलं तर देतात. न मागता सहसा कुणी देत नाही.

पॅकेजमध्ये काय मागता येतं?

विमानाची तिकिटं, सामान पाठवण्याचा खर्च, व्हिसाची फी आणि सुरुवातीच्या एक-दोन महिन्यांची राहण्याची सोय या गोष्टी बहुतेक धोरणांत असतातच. त्यापलीकडे वर्षातून एकदा घरी येण्याचं तिकीट, दोन्ही देशांची टॅक्स रिटर्न भरून देणारा सल्लागार, जोडीदारासाठी भाषेचा क्लास आणि असाइनमेंट संपल्यावर परतीचा खर्च हेही मागा. वसुलीचं कलम मात्र नीट वाचा. ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडली तर स्थलांतराचा खर्च परत द्यावा लागेल, असं त्यात असतं. रक्कम किती, मुदत किती आणि दर महिन्याला ती घटत जाते का, हे बघा. कंपनीनेच काढून टाकलं तर वसुली होणार नाही, असं एक वाक्य त्यात घालून घ्या.

युरोतला आकडा ऐकून घरचे खूश आहेत. तो खरंच मोठा आहे का?

रुपयांत गुणून बघू नका. जर्मनीत एकट्या माणसाच्या चांगल्या पगारातून कर आणि सामाजिक विमा वजा जाता हातात ढोबळमानाने साठ टक्के येतात. जोडीदार कमावत नसेल तर कराचा वर्ग बदलतो आणि जरा जास्त उरतात. त्यातून आधी घरभाडं जातं. घर घेताना अनामत मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत मागतात, शिवाय कित्येक घरं रिकामी मिळतात, काही ठिकाणी तर ओटासुद्धा नसतो. दुसरीकडे सरकारी शाळेला फी नाही, आणि तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार व मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. कागद घ्या आणि एका बाजूला तिथला महिन्याचा खर्च, दुसऱ्या बाजूला नाशिकमध्ये चालूच राहणारे हप्ते लिहा. फ्लॅटचं कर्ज, आई-वडिलांची औषधं, बहिणीच्या मुलाची फी, सगळं. जे उरतं तो तुमचा पगार.

व्हिसा कोणता मिळेल?

हेही पत्रावरच ठरतं. नोकरी भारतातल्या कंपनीतच राहत असेल तर जर्मनीत आयसीटी कार्ड, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना, मिळतं. त्यासाठी आधी किमान सहा महिने कंपनीत असावं लागतं, आणि मॅनेजर व तज्ज्ञांना ते जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतं. तिथल्या कंपनीशी करार केला तर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषेची बी-१ पातळी असेल तर २१ महिन्यांनी, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. आयसीटी कार्डाला असा सोपा रस्ता नाही.

अमेरिकेला एल-१, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा, लागतो. मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष कंपनीच्या परदेशी शाखेत, म्हणजे तुमच्या बाबतीत नाशिकला, काम केलेलं असावं लागतं. एच-१बीसारखी लॉटरी याला नाही. मॅनेजरसाठीचा एल-१ए एकूण सात वर्षं चालतो, विशेष ज्ञानासाठीचा एल-१बी पाच. पण हा व्हिसा त्याच कंपनीला बांधलेला असतो. तिकडे जाऊन दुसरी नोकरी बघू, असा विचार असेल तर तो इथेच सोडा. ब्रिटनचा सीनियर ऑर स्पेशालिस्ट वर्कर व्हिसाही कायम वास्तव्यापर्यंत नेत नाही. जपानमध्ये कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसासाठी आधी एक वर्षाची नोकरी लागते.

पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं काय होतं?

असाइनमेंट असेल आणि त्या देशाशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार असेल, तर दोन्हीकडे वर्गणी भरावी लागत नाही. कंपनीने ईपीएफओकडून, म्हणजे पीएफच्या सरकारी संस्थेकडून, ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ काढायचं, म्हणजे पीएफ इथेच चालू राहतो आणि तिथली पेन्शनची वर्गणी माफ होते. जर्मनीशी असा करार २०१७ पासून लागू आहे आणि सुरुवातीची मुदत ४८ महिन्यांची आहे. जपान, फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम, स्वीडन यांच्याशीही करार आहेत, अमेरिकेशी नाही. आरोग्य विमा मात्र जर्मनीच्या करारात येत नाही, त्याची सोय कंपनी काय करणार ते वेगळं विचारा. कव्हरेजचा दाखला निघण्याआधी विमानात बसू नका.

राजीनामा देऊन जात असाल तर ग्रॅच्युइटीचा हिशेब त्याच दिवशी संपतो. सलग पाच वर्षं भरायला दोन-चार महिने कमी पडत असतील तर बदलीची तारीख पुढे ढकलून घ्या, साहेब सहसा ऐकतात. पीएफची रक्कम घाईने काढू नका. दहा वर्षांच्या आतली पेन्शनची सेवा असेल तर पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेता येतं, म्हणजे परत आल्यावर ती वर्षं पुढे जोडली जातात.

कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील आहेत. ते तसेच राहतील ना?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. माझ्या मते तो पहिला हवा.

राजीनामा दिलात तर ग्रुप पॉलिसीतलं तुमचं नाव शेवटच्या कामाच्या दिवशी निघतं आणि त्याबरोबर आई-वडिलांचंही. असाइनमेंटवर जाणाऱ्यांचं नाव कधी राहतं, कधी नाही. कारण काही पॉलिसी फक्त भारतातल्या पगारपत्रकावर चालतात. एका सहकाऱ्याच्या वडिलांना मुलगा गेल्यावर तिसऱ्याच महिन्यात अँजिओप्लास्टी करावी लागली. रुग्णालयाच्या काउंटरवर जुनं कार्ड चाललं नाही, तेव्हा घरात पहिल्यांदा कळलं की विमा संपलेला आहे. पैसे उभे राहिले, वडील बरेही झाले, पण ती रात्र त्याच्या आईने एकटीने काढली.

हे टाळता येतं. विमा नियामकाच्या नियमांनुसार ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी काढलेला प्रतीक्षा काळ मोजला जातो. हा अर्ज नाव निघण्यापूर्वी करायचा. नंतर नवी पॉलिसी घ्यायला गेलात तर मधुमेह, रक्तदाब यांसारख्या जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. वयाची ६५ वर्षं उलटली म्हणून पॉलिसी मिळतच नाही, हा समज आता जुना झाला. हप्ता जास्त पडतो, तोही पॅकेजच्या बोलणीत ठेवा. आई-वडील सत्तरीपुढचे असतील तर आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड काढून घ्या. त्यात उत्पन्नाची अट न लावता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. घराजवळचं कोणतं रुग्णालय त्या यादीत आहे, ते आधीच बघून ठेवा.

आणि एक फाइल करा. एकाने आईसाठी केलेली फाइल मला फार आवडली होती. वरच्या कप्प्यात विम्याचं कार्ड आणि आधारची प्रत, त्याखाली मागच्या दोन वर्षांचे रिपोर्ट, मग औषधांची मोठ्या अक्षरांत लिहिलेली यादी, आणि आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर चार फोन नंबर: डॉक्टर, शेजारचे काका, मावसभाऊ, रुग्णवाहिका. फाइल देवघराशेजारच्या कपाटात ठेवली होती आणि शेजारच्या काकांना ती कुठे आहे हे दाखवून ठेवलं होतं.

इन्कम टॅक्स कुठे भरायचा?

भारतात तुम्ही आर्थिक वर्षात किती दिवस होता यावर ते ठरतं. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याला सीमा १८२ दिवसांची आहे. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरपर्यंत निघालात आणि त्या वर्षात परत फेरी मारली नाहीत, तर दिवस १८१ भरतात आणि तुम्ही अनिवासी ठरता. ऑक्टोबरमध्ये निघालात तर त्या वर्षी निवासी राहता आणि तिथला पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण त्यासाठी फॉर्म आणि तिथल्या कराचे पुरावे लागतात. म्हणून निघण्याची तारीख ठरवताना एचआरशी आणि आपल्या सीएशी एकदम बोला. दिवाळी करून जाऊ, असं म्हणताना त्याची किंमतही माहीत असावी.

बँक, पीपीएफ, फ्लॅट?

बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या साध्या खात्यात, बदलून घ्यावं लागतं. तिकडून पाठवलेले पैसे एनआरई, म्हणजे परदेशी कमाईसाठीच्या, खात्यात ठेवलेत तर व्याजावर इथे कर नाही. चालू पीपीएफ मुदत संपेपर्यंत ठेवता येतो, नवा उघडता येत नाही आणि मुदतही वाढवता येत नाही. म्युच्युअल फंडांचं केवायसी बदला. अमेरिकेला जाणाऱ्यांचे पैसे काही फंड घेत नाहीत.

इंदिरानगरचा किंवा गंगापूर रोडचा फ्लॅट भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला सांगा की मालक अनिवासी असल्यावर भाड्यातून टीडीएस कापणं त्याची जबाबदारी आहे, आणि दर ३० टक्के अधिक सेस. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊक नसतं आणि मागून दोघांनाही नोटीस येते.

निफाडला द्राक्षबाग आहे. शेतीचं काय?

नावावर असलेली किंवा वारशाने आलेली जमीन अनिवासी झाल्यावरही तुमचीच राहते. नवी शेतजमीन मात्र अनिवासी असताना विकत घेता येत नाही. भाऊ बांधाशेजारचं रान घेतोय आणि व्यवहारात तुमचंही नाव घालायचं ठरलंय, तर तो व्यवहार निघण्याआधी उरका किंवा तुमचं नाव बाहेर ठेवा. हे नंतर कळलं की घरात विनाकारण मनं कलुषित होतात.

ई-पीक पाहणीची नोंद शेतात उभं राहून फोटो काढून करायची असते, त्यामुळे ती कोण करणार हे ठरवून जा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही वेळी मजुरी रोखीने आणि वेळेवर लागते. तेव्हा पैसे कोणत्या खात्यातून कोण काढणार, हेही बोलून ठेवा. बँक, वीज, कोर्टकचेरी यांसाठी मुखत्यारपत्र इथेच दुय्यम निबंधकाकडे नोंदवून जा. तिकडून करायचं म्हटलं तर भारतीय दूतावासात सही करून, ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मुखत्यारपत्र कामापुरतंच द्या. सख्ख्या भावालासुद्धा ‘सर्व अधिकार’ लिहून देऊ नका, त्याच्याही हिताचं नाही.

कागदपत्रांत लोक कुठे अडतात?

नावात. आपल्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. लग्नानंतर बायकोच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव, पदवीवर वडिलांचं. कुठे ‘शिंदे’चं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने वेगळं. तिकडच्या अधिकाऱ्याला ही दोन माणसं वाटतात. सगळे कागद टेबलावर ओळीने मांडा आणि नाव, जन्मतारीख, जन्मगाव एकेक करून ताडून बघा. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर आजच महापालिकेत जा, जोडीदाराचा व्हिसा त्यावरच अडतो. पासपोर्ट आणि पोलिस क्लिअरन्सचं काम नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात होतं, व्हिसासाठी मात्र मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. जर्मनीसाठी आपलं विद्यापीठ आणि पदवी तिथल्या ‘अनाबिन’ या परदेशी पदव्यांच्या यादीत कशी नोंदली आहे ते आधी बघा. आखाती देशांत पदवी प्रमाणित करून मागतात आणि त्याला आठवडे जातात.

बायकोची इथे चांगली नोकरी आहे. तिने सोडावी का?

हे मी सांगू शकत नाही, पण निर्णय दोघांनी मिळून घ्यावा आणि तिला ‘चल, बघू तिकडे’ एवढ्यावर नेऊ नये. देशागणिक फरक आहे. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला काम करता येतं आणि व्हिसासाठी भाषेची परीक्षाही लागत नाही. अमेरिकेत एल-१ धारकाच्या जोडीदाराला (त्याचा व्हिसा एल-२) २०२१ पासून वेगळी परवानगी न काढता काम करता येतं. जपानमध्ये आश्रितांना परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासच. ती शिक्षिका किंवा नर्स असेल तर तिथे पात्रता मान्य करून घ्यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, तोवर भाषा शिकावी लागते. इथे बिनपगारी रजा मिळते का, ते आधी विचारावं. नवऱ्याच्या बदलीचा प्रश्न घेऊन येणाऱ्या कित्येक स्त्रियांना हा पर्याय कुणी सांगितलेलाच नसतो. आणि बदली बायकोची असेल तर हेच सगळं नवऱ्याला लागू.

मुलांना कधी न्यावं?

प्राथमिक शाळेतली मुलं भाषा पटकन उचलतात. आठवी-नववीतल्या मुलाला मात्र फार विचार करून हलवा. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात पहिला उमेदवार प्रकार हा दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून झालेल्यांचा असतो. बाहेर शिकून आलेल्यांना डोमिसाइलच्या आधारे दुसऱ्या प्रकारातून यावं लागतं, म्हणून तो दाखला काढून ठेवा. मराठीचं वाचन-लेखन घरी रोज थोडं चालू ठेवा, आजी-आजोबांशी फोनवर बोलताना त्याचा उपयोग होतो.

जर्मन यायलाच हवं का?

ऑफिसात चालून जातं. घरमालक, डॉक्टर, शाळेतली बाई आणि वर्कशॉपमधला फोरमन यांच्याशी चालत नाही. ए-१, म्हणजे भाषेची पहिली पातळी, नाशिकमध्येच उरकून जा.

नेण्यासारखं काय, न नेण्यासारखं काय?

युरोपात प्रवाशाच्या सामानातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी इथेच. द्राक्षं, आंबेही नाहीत. गोडा मसाला, कोंडाजीचा चिवडा, बेदाणे, पापड खुशाल न्या. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह. परकीय चलनाच्या नोटा तीन हजार डॉलरपर्यंत, बाकी कार्डावर. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना नाशिकच्या आरटीओत मिळतो आणि वर्षभर चालतो, पण जर्मनीत राहायला गेल्यावर सहा महिन्यांनी तिथलाच लागतो.

विमानासाठी नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्ली गाठता येते, तरी बहुतेक कुटुंबं रस्त्याने मुंबईलाच जातात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच. सोडायला येणाऱ्यांसह दोन तास हातचे ठेवा.

तिकडे नोकरी गेली तर?

असाइनमेंटवर असाल तर परत आणून इथे जागा देण्याचं कलम बघा, ते पत्रात असलं तरच खरं. अमेरिकेत एल-१ वर नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच जा.

परत आल्यावर काय करायचं?

खाती पुन्हा निवासी करून घ्या. तिथलं बँक खातं आणि मूळ कंपनीचे मिळालेले शेअर्स इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवा. लोक नेमके शेअर्स विसरतात, कारण ते पगाराबरोबर आपोआप जमा झालेले असतात. दीर्घकाळ बाहेर राहून येणाऱ्यांना दोन-तीन वर्षं परदेशी उत्पन्नावर सवलत मिळते, पण तीन वर्षांच्या असाइनमेंटनंतर परतणारे त्यात बसत नाहीत. आणि पद कोणतं मिळणार याची बोलणी परतण्याच्या सहा महिने आधी सुरू करा. ज्या साहेबांनी पाठवलं ते तोवर बदललेले असतात, तेव्हा जुनं पत्र मेलमध्ये शोधून सोबत जोडा.